मगदूम मास्तरांचा राग

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेत मगदूम मास्तरांची शोकसभा झाली. तिघे बोलले. पहिला म्हणाला, मास्तर म्हणजे शांतीचा पुतळा. दुसरा म्हणाला, राग हा शब्द त्यांच्या कोशातच नव्हता. तिसरा तर त्यांच्या हाताखाली शिकलेला, त्याला तरी खरं सांगता आलं असतं. पण तोही म्हणाला, मास्तरांचा आवाज कधी चढला नाही. मी मागे भिंतीला टेकून ऐकत होतो. ज्या माणसाच्या ओरडण्याने आढ्यावरचे पारवे उडायचे, त्याच्याविषयी ही माणसं हे सांगत होती आणि बाकीचे माना डोलावत होते. सभेत उठून बोलणं माझ्याकडून होत नाही. घरी येऊन लिहायला बसलो. सावकाश लिहितो आहे, कारण भराभर लिहिलं तर हातून शिव्या लिहिल्या जातील.

मगदूम मास्तर रागीट होते. इतका रागीट माणूस मी दुसरा पाहिला नाही. ते आमच्या गावी आले तेव्हा दुसरी मोठी लढाई सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. आमचं गाव कडेगावच्या अलीकडे. विहिरीवरचा ऊस, हिवाळ्यात गुऱ्हाळं, आणि घराआड एक माणूस पलटणीत. मास्तर सांगलीकडचे, वारणाकाठचे जैन. ठेंगणा बांधा, जाड मान, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. मीही त्याच शाळेत मास्तर, मूळचा परगावचा, एकटा. मारुतीच्या देवळामागे धर्मशाळेच्या दोन खोल्या होत्या, एकीत ते आणि एकीत मी.

दिवस मावळायच्या आत ते जेवत. कांदा, बटाटा, गाजर त्यांच्या चुलीवर कधी चढलं नाही. आडावर पाणी भरताना घागरीच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधत, पाणी गाळून घेत, आणि मग ते फडकं पुन्हा आडात हलक्या हाताने खंगाळत, का तर त्यात अडकलेला जीव आपल्या घरी परत जावा. हे सगळं चाललेलं असताना तोंडाने आडावर गर्दी करणाऱ्या पोरांना "गाढवांनो, दगडांनो, आईबापांनी तुम्हाला जन्म दिला तो आडात ढकलायला का" असं चालू असे. किड्याला जपणारा आणि पोरांवर भडकणारा असा हा माणूस. गावाला पहिले काही दिवस करमणूकच झाली.

वर्गात त्यांचा राग चढला की मान लाल होई. हातातला खडू मोडे. आणि मग ते एकाएकी भिंतीकडे तोंड करून उभे राहत. डोळे मिटलेले, मुठी आवळलेल्या. गळ्याची घाटी वरखाली होताना बाजूच्या पोरांना दिसे. वर्ग चिडीचूप होई. पोरांनी त्याला नाव दिलं होतं. एकमेकांना कोपराने ढोसून सांगत, "गप ऱ्हावा रं, मास्तर गिळाय लागल्यात." थोड्या वेळाने मास्तर वळत आणि राहिलेलं गणित पुढे शिकवत. त्यांनी छडी कधी हातात घेतली नाही. मिरजेकडच्या एका शाळेत पूर्वी त्यांच्या हातची एका पोराला कानशिलात बसली होती आणि ते पोर पुन्हा शाळेत आलं नाही, एवढंच एकदा म्हणाले. त्याच्या पुढचं मी विचारलं नाही.

एकदा मी विचारलं, "भिंतीकडे बघून मनात काय म्हणता?"

"म्हणतो, हा गाढव सुखी असो."

"गाढव तेवढं वगळा की."

"वगळलं तर खोटं होतंय, कदम. मला तो त्या वेळी गाढवच वाटत असतो. गाढव म्हणून का होईना, सुखी असो."

त्यांच्या घरी सामायिकाला, म्हणजे रोज ठरल्या वेळी ध्यानाला, बसण्याची चाल होती. त्यांच्या आईने, अव्वाने, लहानपणी मांडीशी बसवून त्यांना ते शिकवलेलं. चार भावना धरायच्या: सगळ्या जीवांशी मैत्री, गुणवंत पाहून आनंद, दुःखी पाहून करुणा, आणि उलट वागणाऱ्याशी तटस्थपणा. देवघरात बसून लोक हे करतात. मास्तरांनी ते शाळेत आणलं. घंटेच्या बऱ्याच आधी ते रिकाम्या वर्गात जात. पोरं तागाच्या बसकरपट्ट्यांवर ओळीने बसत, प्रत्येकाची जागा ठरलेली. मास्तर पहिल्या पोराच्या जागेवर स्वतः मांडी घालून बसत, डोळे मिटून त्याचा चेहरा समोर आणत, पुटपुटत, "सुखी अस," आणि सरकून दुसऱ्याच्या जागेवर. अशा सगळ्या ओळी. दाराबाहेरच्या ओट्यावर महारवाड्यातली तीन पोरं बसत, तिथेही हा ठेंगणा माणूस कोट सावरून जाऊन बसे. हेडमास्तरांनी ते बंद करायला सांगितलं होतं. मास्तरांनी ऐकलं नाही.

हेडमास्तर एकदा दारात उभे राहून हसले. "मगदूम, पोरं आल्यावर शिकवायचं असतं. पोरं नसताना काय करता?"

"पोरं असली की मला ती दिसत नाहीत, साहेब. नुसता गलका दिसतो."

एका सकाळी ते वर्गातून बाहेर आले ते स्वतःवरच चिडलेले. मला म्हणाले, "मधल्या ओळीतला चौथा कोण बसतो?" मी आठवून सांगितलं, सुभेदारांचा पुतण्या, ज्ञानू. "नाव मलाही माहीत आहे. त्याचा चेहराच येईना. वर्षभर समोर बसतोय आणि चेहरा येत नाही!" मग बराच वेळ तणतणत होते. म्हणाले, हुशार पोरावर जीव बसतोच, उनाडावर राग बसतो, म्हणजे ध्यान असतंच. मधल्या ओळीतल्या पोराचं कुणाला काहीच वाटत नाही. ते पास होतं, गप्प बसतं आणि निघून जातं. या चार भावनांत त्याच्यासाठी जागा कुठली, ते अव्वाने सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून ते ज्ञानूकडे बघू लागले.

सुभेदार म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. पहिली लढाई केलेले, पेन्शनर, शाळा कमिटीचे अध्यक्ष, बारमाही बागायत. ज्ञानू त्यांच्या मेलेल्या भावाचा मुलगा. आईही नव्हती. सुभेदारांची स्वतःची दोन मुलं दूधभात खाऊन शाळेत यायची. ज्ञानू गोठा काढून, कोरडी भाकरी आणि चटणी खाऊन यायचा. हे मी सांगोवांगी सांगत नाही. मास्तरांनी बघायला लागल्यावर मलाही ते दिसलं.

त्या हिवाळ्यात मास्तर वर्ग घेऊन एका गुऱ्हाळावर गेले. काहिलीतला रस कसा आळतो ते पोरांना दाखवायचं होतं. मीही गेलो. परत येताना दिवस मावळला. बांधावरून पोरं एकामागे एक चालली होती, आणि पंधरा वर्षांचा ज्ञानू मागे लागून आलेल्या आपल्या आठ वर्षांच्या चुलतभावाच्या सदऱ्याचं टोक धरून पाय चाचपत चालला होता. मागून पोरं ओरडली, "कोंबडी खुराड्यात निघाली रं! कुक्कुक्कूक!" ज्ञानू तसाच चालत राहिला. त्याला सवय होती.

मास्तरांनी त्याला थांबवलं. "तुला दिसत नाही?"

"दिसतंय की. दिवसाचं दिसतंय."

"आणि आत्ता?"

"आत्ता तुमी कुठं हायसा ते बोलण्यावरनं कळतंय."

"कधीपासून हे?"

"ध्यानात न्हाई, मास्तर. लय दिस झालं. काकी म्हंती, दिवं लागायच्या आत घरात येत जा म्हंजी झालं."

मास्तरांची मान लाल झालेली मला त्या संधिप्रकाशातही दिसली. वर्षभर हा मुलगा दिवस मावळताच खेळ सोडून पळत होता आणि आपल्याला कळलं नाही, याचा तो राग होता. दुसऱ्या दिवशी ते त्याला घेऊन कडेगावला दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, रातांधळेपणा आहे, खाण्यात कस नाही. माशाचं तेल द्यायचं, पण लढाईमुळे ते येत नाही. दूधलोणी द्या, आणि लवकर गुण हवा तर बकऱ्याचं काळीज खाऊ घाला.

मास्तर सुभेदारांकडे गेले. सुभेदार सोप्यात बसून दाढी करून घेत होते. म्हणाले, "आवं मास्तर, आमच्यात काय रोज बकरं पडतंय व्हय? जत्रंला पडतंय. तवा खाईल की सगळ्यांबरोबर."

"दूध तरी द्या त्याला."

"दूध रतीबाला न्हाई घालत आमी, घरातच लागतंय. आनि असं बगा, रातचं दिसंना म्हनून कुनी मरत न्हाई."

बुधवारच्या बाजारात मास्तर खाटकाच्या दुकानापुढे जाऊन उभे राहिले. ती गोष्ट पुढे कित्येक दिवस गाव चघळत होतं. फडक्यातला किडा आडात परत सोडणारा माणूस लटकवलेल्या बकऱ्यासमोर उभा होता. खाटीक आधी हसला, मग मास्तरांचं तोंड बघून गप्प झाला. पळसाच्या पानात बांधलेलं काळीज मास्तरांनी स्वतः हातात धरून आणलं. मी म्हटलं, मला सांगायचं, मी आणलं असतं. आमच्या घरी खातात.

"तुम्ही शिजवा. आणणार मी. पाप वाटून घ्यायचं नसतं."

मी माझ्या चुलीवर ते मीठ-हळद घालून परतायचो. ज्ञानू माझ्या खोलीत बसून खायचा. मास्तर बाहेर पायरीवर पाठ करून बसायचे. आतून काही आवाज आला नाही की ओरडायचे, "अरे खातोस का बघत बसलास?" असं दर बाजारी चाललं. मधल्या दिवसांत मास्तर स्वतःच्या वाट्याचं दूध त्याला देत.

नाताळच्या सुट्टीत ते मला त्यांच्या गावी घेऊन गेले. अव्वा सत्तरीची, वाळकी, ताठ. मास्तरांनी पाय धरले आणि लगेच, अजून पाणीही प्यायलेलं नसताना, सगळं सांगून टाकलं. लपवायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं. म्हातारी म्हणाली, "नेमगोंडा, पोराचं डोळं तुला दिसलं. ते बकरंबी कुनाचं तरी लेकरूच की. त्येच्यासंगं मैत्री न्हाई व्हय तुजी?"

मास्तर म्हणाले, "सकाळी पोरांच्या आधी त्याचं नाव घेतोय, अव्वा."

"नाव घिऊन त्येला काय?"

तिने त्यांना जेवायला वाढलं, पण ताट स्वयंपाकघराबाहेर ठेवलं. शेजारी बसून मीही तिथेच जेवलो. मास्तर रागावले नाहीत. त्यांना ती शिक्षा बरोबर वाटत होती.

उन्हाळा लागायच्या सुमाराला ज्ञानूचे डोळे सुधारले. एका संध्याकाळी दिवेलागण झाल्यावरही तो देवळासमोर हुतूतू खेळत राहिला. दुसऱ्या बाजूचा गडी पळताना त्याने अंधारात पाय धरून पाडला. "आयला, कोंबडीनं धरलं रं!" असं कोणी तरी ओरडलं आणि सगळे हसले. ज्ञानूही हसला. मास्तर पायरीवर उभे होते. त्यांनी मला खांद्यावर इतक्या जोराने मारलं की दोन दिवस दुखत होतं. मास्तरांना पूर्ण आनंदात मी पाहिलं ते त्या एका संध्याकाळी.

पावसाळ्याआधी गावात भरतीवाले आले. ब्रह्मदेशाच्या बाजूची लढाई तेव्हा जोरात होती आणि माणसं कमी पडत होती. माणूस देणाऱ्या पेन्शनरांना सरकारात मान होता. सुभेदारांनी आपला थोरला मुलगा पुढे केला नाही, त्याला शेती बघायची होती. त्यांनी ज्ञानू पुढे केला. आदल्या वर्षीही त्यांच्या मनात ते होतं. तेव्हा रातांधळं पोरगं पहाऱ्यावर पहिल्याच रात्री उघडं पडलं असतं आणि सुभेदारांचं हसं झालं असतं, म्हणून त्यांनी दम धरला होता. हे मला नंतर कळलं.

ज्ञानू सोळाचाही नव्हता. दाखल्यावर तो अठराचा हवा होता. वर्गाचे मास्तर म्हणून मगदूम मास्तरांची सही लागत होती. त्यांनी कागद हेडमास्तरांच्या टेबलावर आपटला आणि म्हणाले, "या पोराचं वय मी वाढवणार नाही. ते वाढायला अजून दोन वर्षं लागतात." हेडमास्तरांनी स्वतः सही केली. अध्यक्षांची मर्जी राखायची होती. पुढे ते मोठ्या शाळेवर गेले. त्या शोकसभेत पहिलं भाषण त्यांचंच झालं.

मास्तर तडक सुभेदारांच्या दारात गेले. मी मागोमाग धावलो, काही होईल या भीतीने. तिथे मास्तर जे ओरडले ते अर्धं गाव ऐकत होतं. "तुमच्या घरात दोन पोरं आहेत. दूध पाजून वाढवलेली. ती का नाही पाठवत? कोरडी भाकरी खाणाराच कसा सापडतो तुम्हाला?"

सुभेदार उठलेसुद्धा नाहीत. पान लावत होते. "मास्तर, आवाज कमी. तुमी शिकलेली मानसं. आवं, ह्यो रातचा आंधळा व्हता तवर आमी त्येला कुठं धाडलं व्हतं का? डोळं तुमीच बरं केलंसा. आता पोरगं लढाईच्या कामाचं झालं. लय उपकार हायेत तुमचं आमच्यावर."

मास्तर तिथेच उभे राहिले. मान लाल झाली नाही. पांढरी पडली. त्या वेळी भिंत शोधायलाही ते वळले नाहीत. मी दंडाला धरून त्यांना घरी आणलं.

पंधरवड्यात त्यांची बदली आली. विट्याच्या पलीकडे, आटपाडीच्या वाटेवरच्या माळावर, एका खोलीची शाळा. पाणी दोन कोसांवर.

ते गेल्यानंतर काही महिन्यांनी ज्ञानू बेळगावहून रजेवर आला. काकाच्या घरी पिशवी टाकून तो थेट माळावर मास्तरांना भेटायला निघाला, मी सोबत गेलो. खाकी कपड्यात तो अंगाने भरला होता. मास्तरांच्या पाया पडला आणि भडाभडा बोलत सुटला. "पोटभर मिळतंय मास्तर तितं. दूध, मटन, सगळं. घरात कवा मिळालं न्हाई असं." आणि मग अगदी अभिमानाने म्हणाला, "रातच्या पहाऱ्यावर मला लावत्यात. माज्यावानी रातचं कुनाला दिसत न्हाई म्हंत्यात. समदं दिसतंय, मास्तर."

मास्तरांनी पुढे होऊन त्याची टोपी सरळ केली. म्हणाले, "टोपी तरी नीट घालायला शीक, गाढवा."

तार आली ती थंडीत. ज्ञानू ब्रह्मदेशात पडला, रात्रीच्या गस्तीवर. सुभेदारांनी दारात मांडव घातला आणि येईल त्याला सांगितलं की आमच्या घराण्याने देशाला एक दिवा दिला. कुठल्या देशाला, ते कोणी विचारलं नाही. काकी रडली. ती खरी रडली असावी. मी तिच्याविषयी काही लिहीत नाही. मास्तरांना निरोप गेला होता. ते आले नाहीत. मला त्यांनी पुढे एवढंच सांगितलं, "त्या दारात गेलो असतो तर हात उचलला असता. एकदा उचललेला पुरे आहे."

लढाई संपली, राज्य बदललं, मास्तर माळावरच राहिले. धनगरांची पोरं मेंढरांमागून बोलावून आणत. मी वर्षातून एकदा जायचो. अंगात ताप मुरलेला, पण सकाळी उठून रिकाम्या खोलीत प्रत्येकाच्या जागेवर जाऊन बसणं सुटलं नव्हतं. आता ते सगळ्यांत शेवटी भिंतीजवळच्या मोकळ्या जागी बसत. तिथे कोणी पोर बसत नसे. तिथे त्यांचा खूप वेळ जाई आणि उठताना ते घामाघूम असत. ती जागा कुणाची, हे त्यांनी एकदाच सांगितलं. सुभेदारांची. मी म्हटलं, त्या माणसासाठी तुम्ही बसता? माझा आवाज चढला होता. ते म्हणाले, "अव्वाने चौथी भावना सांगितली होती ना, तटस्थपणाची. ती मला जमत नाही. तटस्थ राहणं म्हणजे पोराला पुन्हा मधल्या ओळीत नेऊन बसवणं. म्हणून पहिलीच धरतो, मैत्रीची. तीही जमत नाही. पण बसतो."

हे धनगरांच्या पोरांनी ऐकलं असेल, घरी सांगितलं असेल. बाजारातून बाजारात जात ते आमच्या गावी सुभेदारांच्या कानावर गेलं.

शेवटी मास्तरांना सांगलीच्या इस्पितळात न्यायचं ठरलं. मी विट्याला मोटारस्टँडवर त्यांना घेऊन बसलो होतो. गाडीत त्यांना खिडकीशी बसवलं, अंगावर घोंगडी टाकली. तेवढ्यात काठी टेकत सुभेदार आले. थकले होते. आदल्या वर्षी त्यांचा थोरला मुलगा मोटेची विहीर ढासळून गेला होता. ते कुणाला गाठायला आले, हे मला आधी कळलंच नाही. ते खिडकीजवळ आले आणि गज धरून उभे राहिले. आवाजात पूर्वीचा रुबाब नव्हता.

"मास्तर, तुमी रोज सकाळी माजं नाव घेता म्हनं?"

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "घेतो."

"मग..." सुभेदारांना पुढचं बोलता येईना. "मग माज्यासाटी काय मागता ते सांगा की. एकदा माज्या तोंडावर म्हना. लय दिस झोप न्हाई मला."

ड्रायव्हरने हँडल मारलं. गाडी थरथरू लागली. मास्तरांची घाटी दोनदा वरखाली झाली. मला वाटलं, आता म्हणतील. मला ते म्हणू नयेत असं वाटत होतं, हेही लिहून ठेवतो.

"सुभेदार, नाव येतंय," मास्तर म्हणाले. "त्याच्या पुढचं अजून येत नाही. आलं की कळवीन."

गाडी निघाली. सुभेदार गज सोडून मागे राहिले. मास्तरांनी हात जोडले नाहीत आणि तोंडही फिरवलं नाही. खिडकीतून मान बाहेर काढून ते त्या म्हाताऱ्याकडे बघत राहिले, वर्गात ज्ञानूकडे बघायला लागले होते तसे, डोळे न मिटता, गाडी तासगावच्या रस्त्याला वळेपर्यंत.